यजमान शहरातील रहिवाशांचे मत कसे जाणून घ्यावे

मोठी क्रीडास्पर्धा शहरात भरवण्याचा प्रस्ताव पुढे आला, की थोड्याच दिवसांत एक आकडा प्रसिद्ध होतो: अमुक टक्के नागरिकांचा स्पर्धेला पाठिंबा आहे. हा आकडा कोणी काढला, कोणाला विचारून काढला आणि विचारताना खर्चाचा उल्लेख केला होता की नाही, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. तरीही पुढे कित्येक महिने त्याच आकड्याचा आधार घेतला जातो. विद्यार्थी, पत्रकार, नागरिकांच्या संघटना आणि स्थानिक प्रशासनातील अधिकारी यांपैकी ज्यांना रहिवाशांचे मत प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मत देणारा कोठे राहतो, त्याला काय सोसावे लागणार आहे आणि त्याला केव्हा विचारले, हे कळल्याशिवाय पाठिंब्याच्या आकड्याला अर्थ नाही, हे सूत्र त्यात आरंभापासून अखेरपर्यंत धरले आहे.

या बाबतीत बॉस्टनचा अनुभव फार बोलका आहे. 2024 च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचे दावेदार शहर म्हणून जानेवारी 2015 मध्ये बॉस्टनची निवड झाली, तेव्हा स्थानिक नभोवाणी केंद्राच्या मतचाचणीत 51 टक्के लोक अनुकूल होते. फेब्रुवारीत हे प्रमाण 44 टक्क्यांवर आले आणि मार्चमध्ये 36 टक्क्यांवर. जुलैच्या अखेरीस, वाढीव खर्चाची हमी देणाऱ्या करारावर आपण सही करणार नाही असे महापौरांनी जाहीर केले आणि त्याच दिवशी दावा मागे घेण्यात आला. लोकांचे खेळावरचे प्रेम दोन महिन्यांत आटले, असा याचा अर्थ नाही. त्या हिवाळ्यात प्रचंड बर्फवृष्टीमुळे शहराची सार्वजनिक वाहतूक कोलमडली होती आणि खर्च वाढला तर तो कोणी भरायचा, हा प्रश्न घरोघरी पोहोचला होता. केवळ जानेवारीचा आकडा हाती असलेल्या अभ्यासकाला यातले काहीच दिसले नसते.

नेमके काय मोजायचे

प्रश्नावली लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कराव्यात. प्रस्तावाच्या बाजूने की विरोधात, ही झाली भूमिका. स्पर्धेमुळे रोजगार, रस्ते, घरभाडे, गर्दी, शहराचा लौकिक यांवर काय परिणाम होईल असे वाटते, ही झाली अपेक्षा. आणि त्यासाठी कर, गैरसोय किंवा जागा यांच्या रूपाने किती सोसायची तयारी आहे, ही तिसरी आणि सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट. एकाच व्यक्तीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. स्पर्धेमुळे शहराचे नाव होईल असे मानणारा माणूसही आपल्या कराच्या पैशातून ती भरवायला विरोध करू शकतो. डेन्व्हरमध्ये तसेच घडले. 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद त्या शहराला 1970 मध्येच मिळाले होते. परंतु नोव्हेंबर 1972 मध्ये कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी स्पर्धेसाठी सरकारी पैसा द्यायला नकार दिला आणि अखेर ती स्पर्धा इन्सब्रुकला भरवावी लागली. मतपत्रिकेवरचा प्रश्न पैशाचा होता, आणि मतदारांनी त्याचेच उत्तर दिले.

या क्षेत्रातील संशोधनात बहुधा देवाणघेवाणीचा विचार पायाभूत मानला जातो: मिळणाऱ्या लाभापेक्षा मोजावी लागणारी किंमत जास्त वाटली, की माणूस विरोधाकडे झुकतो. हा विचार उपयोगी आहे, पण त्यात एक गोष्ट निसटण्याचा धोका आहे. अभिमान, उत्साह, आपण एका मोठ्या प्रसंगाचे साक्षीदार आहोत ही भावना, हेही रहिवाशांच्या दृष्टीने खरे लाभ असतात, आणि ते पैशात मोजता येत नाहीत म्हणून प्रश्नावलीतून वगळू नयेत. जर्मनीत 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाआधी आणि नंतर नागरिकांना, ही स्पर्धा देशात व्हावी म्हणून किती पैसे मोजाल, असे विचारण्यात आले होते. स्पर्धा अनुभवल्यानंतर ही तयारी लक्षणीयरीत्या वाढलेली आढळली. जे आधी कल्पनेत येत नव्हते, ते अनुभवल्यावर मोलाचे वाटले, असा त्याचा अर्थ लावता येतो.

रहिवासी कोणाला म्हणायचे

हा प्रश्न वरवर सोपा दिसतो, पण अभ्यासाचा निकाल पुष्कळदा येथेच ठरून जातो. 2003 मध्ये व्हँकुव्हरने हिवाळी ऑलिंपिकविषयी नागरिकांचा कौल घेतला आणि सुमारे 64 टक्के मते अनुकूल पडली. परंतु मतदान व्हँकुव्हर शहरापुरते होते आणि स्पर्धेचा मोठा भाग ज्या व्हिस्लरमध्ये व्हायचा होता, तेथील लोक त्यात नव्हते. हँबुर्गची गोष्ट याहून शिकवणारी आहे. 2024 च्या ऑलिंपिकच्या प्रस्तावावर नोव्हेंबर 2015 मध्ये एकाच दिवशी दोन शहरांत मतदान झाले. हँबुर्गमध्ये 51.6 टक्के मतदारांनी नकार दिला, तर केवळ शिडाच्या नौकांच्या शर्यती जेथे व्हायच्या होत्या, त्या कील शहराने स्पष्ट बहुमताने होकार दिला. प्रस्ताव एकच, दिवसही एकच. पण खर्चाचा आणि गैरसोयीचा वाटा वेगळा होता. दोन्ही शहरांची सरासरी काढणाऱ्या अहवालातून ही सगळी माहिती नाहीशी झाली असती.

म्हणून शहराच्या नकाशावर आधी पट्टे आखावेत. क्रीडासंकुल आणि क्रीडानगरी जेथे बांधली जाणार आहे त्याला लागून असलेला पट्टा, स्पर्धेच्या काळात जेथील वाहतूक वळवली जाईल तो पट्टा, आणि उरलेले शहर, असे तीन भाग बहुतेक ठिकाणी पुरतात. पट्टे आखताना केवळ अंतर पाहू नये. संकुलापासून दूर असलेली, पण नव्या रस्त्याच्या आखणीत येणारी वस्ती पहिल्या पट्ट्यातच धरावी.

त्यानंतर यादीचा प्रश्न येतो. मतदारयादी सहज मिळते, म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. परंतु भाडेकरू, नुकतेच स्थलांतर करून आलेले कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी आणि नोंद नसलेल्या वस्त्यांमधील कुटुंबे तिच्यातून मोठ्या प्रमाणावर सुटतात. भाडे वाढले तर पहिला फटका याच लोकांना बसतो, त्यामुळे ते सुटले की निकाल आपोआप अनुकूल बाजूला झुकतो. शक्य असेल तेथे घरांची यादी प्रत्यक्ष फिरून करावी. ज्यांना हलवले जाणार आहे किंवा हलवले गेले आहे, त्यांची वेगळी नोंद ठेवावी आणि त्यांच्या नव्या पत्त्यावर जाऊन त्यांचे मत घ्यावे. रिओमध्ये 2016 च्या ऑलिंपिक संकुलाला लागून असलेल्या व्हिला ऑटोड्रोमो या वस्तीत शेकडो कुटुंबे राहत होती. स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांतली अवघी 20 उरली होती. स्पर्धेनंतर त्या परिसरात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत ज्यांनी सर्वाधिक किंमत मोजली तेच सापडणार नाहीत, आणि उरलेल्यांचे समाधान हेच साऱ्यांचे समाधान म्हणून छापले जाईल. माझ्या मते या विषयातील यापेक्षा गंभीर चूक दुसरी नाही, कारण ती आकडेमोडीत कोठेही दिसत नाही.

नमुना किती आणि कसा

यदृच्छ पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी देऊन, निवडलेल्या 400 जणांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा, म्हणजे नमुन्यातला आकडा शहराच्या खऱ्या आकड्यापेक्षा बहुधा जितका वर किंवा खाली असू शकतो ते अंतर, साधारण 5 टक्क्यांची असते आणि 1000 जणांच्या नमुन्यात साधारण 3 टक्क्यांची. शहराची लोकसंख्या पाच लाख आहे की पन्नास लाख, याने त्यात जवळपास फरक पडत नाही. फरक पडतो तो गटवार निष्कर्ष काढताना. समजा, संकुलाच्या शेजारच्या पट्ट्यात शहरातील 5 टक्के लोक राहतात. सरळ 1000 जण निवडले, तर त्या पट्ट्यातील केवळ 50 जण हाती लागतील आणि त्यांच्याविषयीची त्रुटी 14 टक्क्यांच्या घरात जाईल. त्यापेक्षा त्या पट्ट्यातून मुद्दाम 300 आणि उरलेल्या शहरातून 700 जण घ्यावेत, आणि संपूर्ण शहराचा आकडा काढताना प्रत्येक पट्ट्याला त्याच्या लोकसंख्येइतकेच वजन द्यावे. शेजारच्या पट्ट्यात 60 टक्के आणि इतरत्र 30 टक्के विरोध आढळला असे धरले, तर वजन न देता शहराचा विरोध 39 टक्के दिसेल; वजन दिल्यावर तो 31.5 टक्के येईल. हा दुसरा आकडा शहराचा, आणि 60 टक्के हा आकडा शेजाऱ्यांचा. अहवालात दोन्ही शेजारी शेजारी छापावेत.

घर निवडल्यानंतर दार उघडणाऱ्या व्यक्तीलाच प्रश्न विचारू नयेत. घरातील प्रौढांपैकी ज्या व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला असेल, तिची मुलाखत घ्यावी. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही फेरी मारावी, म्हणजे कामावर जाणारे लोक सुटत नाहीत. समाजमाध्यमांवर खुला प्रश्न टाकून मिळवलेली मते, मग ती लाखाच्या घरात असोत, शहराचे मत म्हणून मांडू नयेत, कारण तेथे ज्यांना उत्तर द्यायची इच्छा असते तेवढेच लोक येतात.

प्रश्न लिहिताना

प्रश्नाची भाषा हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. ‘शहराला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या या स्पर्धेला आपला पाठिंबा आहे का?’ असा प्रश्न विचारणारा उत्तर आधीच सांगून मोकळा होतो. त्याऐवजी असे विचारावे: ‘ही स्पर्धा शहरात भरवण्याच्या प्रस्तावाला आपला पाठिंबा आहे, विरोध आहे, की आपले मत अजून ठरलेले नाही?’ त्यात तिन्ही शक्यता समान दर्जाच्या आहेत, आणि मत न ठरलेल्या माणसाला ओढून एका बाजूला उभे केलेले नाही. उत्तर मिळाल्यावर, ही भूमिका ठाम आहे की नवी माहिती मिळाल्यास बदलू शकेल, हे लगेच विचारावे. सौम्य पाठिंबा आणि ठाम विरोध समोरासमोर आले, तर संख्येने कमी असूनही दुसऱ्याचा प्रभाव जास्त पडतो. बुडापेस्टमध्ये 2017 च्या आरंभी सार्वमताच्या मागणीसाठी अडीच लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि मतदान होण्यापूर्वीच शहराने 2024 च्या ऑलिंपिकवरील दावा सोडला.

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नयेत. ‘स्पर्धेमुळे रस्ते सुधारतील आणि रोजगार वाढेल’ या विधानावर सहमती मागितली, तर रस्त्यांविषयी आशा असलेला आणि रोजगाराविषयी शंका असलेला माणूस काय उत्तर देणार? विधाने वापरायची असतील, तर जितकी अनुकूल तितकीच प्रतिकूल घ्यावीत आणि त्यांचा क्रम प्रत्येक मुलाखतीत बदलावा, कारण बरेच लोक सौजन्यापोटी समोरच्याच्या प्रत्येक विधानाला होकार देत जातात. भूमिकेचा मुख्य प्रश्न या विधानांच्या आधी ठेवावा. आधी गर्दीविषयी दहा प्रश्न विचारून मग पाठिंबा विचारला, तर तो घटलेला दिसणारच.

खर्चाचा प्रश्न स्वतंत्र हाताळणी मागतो. नमुन्याचे यदृच्छ पद्धतीने दोन समान भाग करावेत. एका भागाला मुख्य प्रश्न खर्चाच्या उल्लेखाशिवाय आणि दुसऱ्याला अधिकृत अंदाजासह विचारावा. दोन्ही उत्तरांतील तफावत हीच मोठी माहिती असते: पाठिंब्यातला किती भाग खर्च ठाऊक नसल्यामुळे टिकून आहे, हे तिच्यावरून कळते. मात्र एकूण रक्कम सांगून फारसे साधत नाही, कारण हजारो कोटींचा आकडा घरखर्चाच्या हिशेबात बसवता येत नाही. तो दर कुटुंबामागे, दर वर्षी, किती वर्षे, अशा रूपात सांगावा. लंडनमध्ये 2012 च्या ऑलिंपिकसाठी स्थानिक करात जी वाढ झाली, ती मध्यम मूल्याच्या घराला वर्षाकाठी 20 पौंड इतकी होती. अशा रकमेवर माणूस खरोखर विचार करून बोलतो. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी रक्कम सांगून, एवढी रक्कम द्यायला आपण तयार आहात का, असे विचारले, की कोणत्या रकमेपाशी होकार मावळतो ते कळते.

याला जोडूनच आणखी एक प्रश्न अवश्य असावा: खर्च अंदाजापेक्षा वाढला, तर वाढीव भार कोणी उचलावा? हा प्रश्न काल्पनिक नाही. लंडनला यजमानपद मिळाले तेव्हा सार्वजनिक निधीचा अंदाज सुमारे 2.4 अब्ज पौंडांचा होता; मार्च 2007 मध्ये सरकारने जाहीर केलेली तरतूद 9.3 अब्ज पौंडांची होती. माँट्रियलला 1976 च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडायला 2006 साल उजाडावे लागले. ज्या पिढीने ते कर्ज फेडले, तिच्यातील अनेकांचा स्पर्धेच्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवावा, ज्याचे उत्तर लोक स्वतःच्या शब्दांत देतील, आणि ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. तयार प्रश्नावली आधी वीस-तीस जणांवर वापरून पाहावी. जेथे लोक अडखळतात किंवा प्रश्न पुन्हा विचारायला सांगतात, तेथे दोष प्रश्नाचा असतो. पथारीवाले, रिक्षाचालक, संकुलालगतचे दुकानदार, रोज सकाळी त्या मैदानावर खेळायला येणारी मुले यांच्याशी प्रश्नावली बनवण्यापूर्वीच निवांत बोलून घ्यावे. कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे त्यांच्याकडूनच कळते.

एकदा विचारून भागत नाही

कॅल्गरीने 1988 च्या हिवाळी ऑलिंपिकपूर्वी काही वर्षे आणि स्पर्धा संपल्यानंतरही, ठरावीक काळाने तेथील रहिवाशांची मते पुन्हा पुन्हा नोंदवली. त्या मालिकेला ‘ऑलिंपल्स’ असे नाव होते आणि या क्षेत्रातील तो आजही अनुकरणीय नमुना आहे. त्याच कॅल्गरीत 2018 मध्ये 2026 च्या स्पर्धेविषयी कौल घेतला गेला, तेव्हा 56 टक्के मते विरोधात पडली. एकदा आनंदाने स्पर्धा भरवलेले शहर पुन्हा होकार देईलच, असे गृहीत धरता येत नाही. उलट दिशेनेही असेच घडते. म्युनिकच्या मतदारांनी 2013 मध्ये हिवाळी ऑलिंपिकचा प्रस्ताव फेटाळला, आणि 2025 मध्ये उन्हाळी ऑलिंपिकच्या प्रस्तावाला सुमारे दोन-तृतीयांश बहुमताने मान्यता दिली. ऑस्लोने सप्टेंबर 2013 मध्ये होकार दिला होता. वर्षभरात वातावरण पालटले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने आर्थिक हमी नाकारल्याने दावा मागे घेतला गेला.

त्यामुळे किमान चार वेळा विचारणा करावी: प्रस्ताव जाहीर झाल्यावर, खर्चाचा तपशील प्रसिद्ध झाल्यावर, बांधकाम ऐन भरात असताना आणि स्पर्धा संपून एक वर्ष लोटल्यावर. स्पर्धेच्या धामधुमीत किंवा समारोपाच्या आठवड्यात घेतलेले मत वेगळे ठेवावे, कारण तेव्हाचा उत्साह खरा असला, तरी टिकेल याची खात्री नसते. मुख्य प्रश्नांचे शब्द प्रत्येक फेरीत तेच ठेवावेत. एक शब्द बदलला, तरी बदल लोकांच्या मतात झाला की प्रश्नात, हे सांगता येत नाही.

निकालाची मांडणी

हाती आलेल्या उत्तरांचे प्रथम पट्ट्यांनुसार, मग घर स्वतःचे की भाड्याचे यानुसार आणि उपजीविकेचा स्पर्धेशी किती संबंध आहे यानुसार वर्गीकरण करावे. वय आणि शिक्षण ही वर्गवारी सगळेच करतात. या विषयात ती बहुधा तितकी बोलत नाही. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे रस्त्यांवर होणाऱ्या मोटारशर्यतीविषयी झालेल्या एका अभ्यासात रहिवाशांचे पाच गट आढळले होते. एका टोकाला शर्यतीचे चाहते, दुसऱ्या टोकाला तिचा तिटकारा असलेले, आणि मधल्या तीन गटांत लाभ-तोटे दोन्ही मान्य करणारे किंवा एखाद्या विशिष्ट त्रासामुळे नाराज असलेले लोक होते. मधल्या गटांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांची तक्रार नेमकी असते, उदाहरणार्थ रात्रीचा आवाज, बंद रस्ता किंवा मैदानाचा वापर थांबणे, आणि ती दूर करणे प्रशासनाच्या हातात असते.

मत न ठरलेल्यांना हिशेबातून वगळून टक्केवारी फुगवू नये. 45 टक्के अनुकूल, 30 टक्के प्रतिकूल आणि 25 टक्के अनिश्चित असतील, तर अनिश्चितांना बाजूला सारून 60 टक्क्यांचा पाठिंबा जाहीर करणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. अभ्यासाचा खर्च कोणी केला, मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला आणि प्रश्नांचे मूळ शब्द काय होते, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर यावे. यजमानपद मागणाऱ्या दावेदार समितीने पैसे दिले असतील, तर ते लपवण्यासारखे नाही, पण सांगितलेच पाहिजे.

अहवाल ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवावा, आणि संकुलालगतच्या वस्तीत तो बैठक घेऊन वाचून दाखवावा. व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील काढून टाकून मूळ उत्तरे जपून ठेवावीत, म्हणजे पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणालाही तुलना करता येईल. पुढच्या फेरीची तारीखही त्याच बैठकीत जाहीर करावी, आणि यजमानपदाच्या करारावर सही होण्यापूर्वी किमान एक फेरी पूर्ण होईल अशा बेताने ती ठरवावी. सही झाल्यानंतर समजलेला विरोध बंदोबस्ताच्या आखणीत विचारात घेतला जातो, निर्णयात नव्हे.